जगबुडीच्या अलीकडे

प्रस्तुत लेखकाला शहर बुडणार याची खात्री पटली ती रात्री अडीच वाजता. असल्या खात्र्या ज्यांना अडीच वाजता पटतात, त्यांच्या घरच्यांना झोप लागत नाही. ‘अहो, बुडायचं ते सकाळी बुडू दे, दूधवाला येऊन जाऊ दे,’ एवढं बोलून सौ. कुशीवर वळल्या.

खात्री अगदीच निराधार नव्हती. मुंबईतून पळून जाण्याची परंपरा जुनी आणि मानाची आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मं शहर मिळेल त्या गाडीने, मिळेल त्या बोटीने बाहेर पडलं. १९४२ साली रंगून पडल्यावर जपानी बाँबच्या धास्तीने अनेकांनी बायकामुलं गावी धाडली. लेखकाचे आजोबा त्यांतलेच. फरक इतकाच की बायकामुलांबरोबर ते स्वतःही गेले आणि बराच काळ परत फिरकलेच नाहीत. म्हणून १४ एप्रिल १९४४ ला गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोट दारूगोळ्यासकट फुटली आणि तिच्यातल्या सोन्याच्या विटा हवेत उडाल्या, तेव्हा आजोबा कणकवली तालुक्यात आंब्याची राखण करत बसले होते. घराण्यात सोनं यायची एकमेव संधी हुकली. पुढे ते मुंबईला नोकरीवर आले, पण सवय सुटली नाही. १९६२ च्या फेब्रुवारीत मकर राशीत आठ ग्रह जमले आणि देशभर यज्ञ झाले, तेव्हाही आजोबांचा रजेचा अर्ज तयार होता.

अलीकडे हे काम श्रीमंत लोक नीटनेटकं करतात. पीटर थील या अमेरिकन अब्जाधीशांनी २०११ साली न्यूझीलंडचं नागरिकत्व मिळवलं, वानाका तळ्याकाठी मोठी जमीनही घेतली. तिथे बांधायच्या त्यांच्या प्रशस्त निवासाला २०२२ साली स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली, हे वाचून लेखकाला फार बरं वाटलं. लेखकाकडे साडेतीन गुंठे आहेत, सात-बारावर एकोणीस नावं आहेत, आणि त्यांतली सहा माणसं कैलासवासी आहेत. परवानगी मागायची कोणाकडे हाच प्रश्न.

तयारीला सुरुवात पिशवीपासून झाली. क्लोरीनच्या गोळ्या, हाताने दांडी फिरवून चालणारा रेडिओ, बॅटरी, शिट्टी, काड्यापेट्या, दोरी, आधार कार्डांच्या झेरॉक्स, मेतकूट, दशम्या, बिस्किटांचे पुडे आणि पित्ताच्या गोळ्या. पित्ताच्या गोळ्या सर्वांत वर, कारण संस्कृती कोसळेल तेव्हा कोसळेल, लेखकाचं पित्त रोज संध्याकाळी उसळतं. सौ.नी त्यात गुपचूप विणकाम टाकलं. हेरांना शोभेल अशा बेताने तारीख ठरली: एक मेचा शुक्रवार, पहाटे चार. कोणालाही कळता कामा नये. पेण, वडखळ, नागोठणे भराभर मागे पडलं तेव्हा लेखक शीळ घालत होता. माणगावच्या अलीकडे शीळ थांबली, कारण गाडी थांबली. एक मेच्या शुक्रवारचा गुप्त बेत निम्म्या मुंबईने केला होता.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली. माणगावचं बाह्यवळण मात्र वर्षानुवर्षं रखडलं. त्यामुळे कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाला माणगावची बाजारपेठ जवळून पाहावी लागते. लेखकाने ती फारच जवळून पाहिली. तासाभरात चपलांच्या दुकानातल्या सगळ्या जोडांचे भाव पाठ झाले. पुढे काय झालंय, याच्या बातम्या गाडीगाडीतून मागे येत होत्या: ट्रक उलटलाय, मंत्री यायचेत, वरात आहे, म्हशी बसल्यात. दुभाजकावर एक गृहस्थ बनियनवर दात घासत होते. एसटीचा चालक इंजिन बंद करून, टॉवेल तोंडावर टाकून झोपला होता. एकूण गर्दीत परिस्थितीची खरी जाण त्यालाच होती.

मग पिशवी फुटली. म्हणजे शेजारच्या गाडीतलं एक पोर रडायला लागलं, म्हणून सौ.नी बिस्किटांचा पुडा काढला. पाठोपाठ तीन गाड्यांतली पोरं आली. दशम्या मागच्या टेम्पोतल्या आजींना गेल्या. त्यांनी मेतकूटही मागितलं आणि त्यात मीठ कमी असल्याचं सांगितलं. ‘रेडिओ लावा की भाऊ, बातम्या तरी कळतील,’ असं कोणी म्हटल्यावर लेखकाने घाम फुटेपर्यंत दांडी फिरवली, तर भाताच्या बियाण्यावर कसली प्रक्रिया करावी ते कळलं. पित्ताच्या गोळ्यांना सर्वांत जास्त मागणी आली. महाराष्ट्राचं खरं संकट आम्लपित्त हेच आहे, असं लेखकाचं मत त्या दिवशी पक्कं झालं.

शिट्टी एका सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाती लागली. तो बोनेटवर उभा राहून वाजवायला लागला. पुढच्यांना वाटलं पोलीस आले. उजवीकडून घुसलेल्या गाड्या चोरासारख्या मागे सरल्या, मधली एक लेन मोकळी झाली, आणि रांग चक्क हलली. जगबुडीच्या पिशवीतली उपयोगी पडलेली वस्तू ती एवढीच.

रांग पुन्हा थांबली तेव्हा सौ. विणता विणता म्हणाल्या, ‘आपल्याला निदान गाडी आहे.’ त्यांना २०२० आठवलं होतं. २४ मार्चला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि बारापासून देश बंद. पुढचे कित्येक आठवडे माणसं याच नाही तर सगळ्या रस्त्यांवरून चालत राहिली. ८ मेच्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून चालत निघाले होते, मध्य प्रदेशातल्या घराकडे. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिला. लेखक क्लोरीनच्या गोळ्यांची बाटली हातात घेऊन होता. त्याने ती कप्प्यात टाकून कप्पा जरा जोरातच लावला.

माणगाव सुटलं. कशेडीचा बोगदा थंड आहे. खेडजवळ जगबुडी नावाचीच नदी लागते, तिच्यात मे महिन्यात बुडण्याजोगं पाणी लेखकाला दिसलं नाही.

गावी पोचेपर्यंत रात्र झाली. काका पडवीत बसले होते. ‘बुडली काय रे मुंबय?’ त्यांनी विचारलं. सौ.नी फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं.

सकाळी पाहणी झाली. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात विहिरीचा तळ दिसत होता आणि वाडीत टँकरची वाट पाहत कळश्या रांगेत उभ्या होत्या. भाजी कुठे लावता, असं विचारल्यावर काकांनी फोंडाघाटाकडे बोट दाखवलं. कोथिंबीर, टोमॅटो, कांदे, अंडी, सगळं कोल्हापुराकडून घाट उतरून टेम्पोने येतं. टेम्पो चुकला की गाव पिठल्यावर. ‘शेती कित्या करू? माकडांक?’ काका म्हणाले. केळीच्या सोपटांचा ढीग समोरच पडला होता, आणि कौलांवर बसून त्याचे मालक लेखकाकडे बघत होते.

तरीही लेखकाने योजना मांडली: वेळ आलीच तर मुंबई-ठाण्यातली सगळी भावंडं इथे येतील. काकांनी शांतपणे ऐकलं.

‘किती माणसां?’

‘पंधरा-वीस.’

‘आणि संडास?’

एक आहे. परसात, त्याची कडी आतून लागत नाही. आत बसून दोरी धरून ठेवावी लागते. योजनेतला हा भाग अजून कच्चा आहे.

काकांची अडचण वेगळीच होती. नातवाचं आयटीआय झालं होतं आणि तालुक्यात काम नव्हतं. जूनपासून तो डोंबिवलीला लेखकाकडे राहिला तर चालेल का? सौ.नी लेखकाकडे न बघता हो म्हटलं आणि हॉलमधला दिवाण कोणत्या भिंतीला सरकवायचा हेही तिथेच ठरवलं. जूनपर्यंत कशाला थांबा, आत्ताच येतो, म्हणून पोरगा बॅग भरायला गेला. शहर बुडण्याबद्दल त्याने ऐकलं होतं. त्याला फक्त पगार किती तारखेला होतो ते हवं होतं.

निघताना काकीने रिकाम्या पिशवीत आमसुलं, कुळथाचं पीठ आणि दोन फणस कोंबले. पिशवीचा बंद तुटला. ती नातवाला पत्ता पाठ करायला लावत होती. मधेच खिडकीशी येऊन लेखकाला म्हणाली, ‘आणि मुंबय बुडाची झाली तर आदल्या दिवशी फोन कर हां. घावण्यांचे तांदूळ भिजत घालूक व्हये.’