पंचेचाळीसचा हट्ट

माझा डेस्कटॉप हल्ली नेमका मंगलाष्टकांत मान टाकतो. लग्नाच्या व्हिडिओचं रेंडरिंग लावावं, अंतरपाट धरलेला असावा, भटजींनी ‘सावधान’चा सूर लावावा आणि स्क्रीन निळी! त्यावर ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’, म्हणजे चारपैकी एका कोअरने हाकेला ओ दिली नाही. मुलाकडचे फोन करून विचारतात, व्हिडिओ कधी देताय? अहो, अजून लग्नच लागेना, देऊ काय?

या डेस्कटॉपमधला इंटेल कोअर आय-५ २५००के हा प्रोसेसर जानेवारी २०११ मध्ये बाजारात आला. १०० मेगाहर्ट्झच्या मूळ क्लॉकला ३३ने गुणायचं, की कंपनीने छापलेला ३.३ गिगाहर्ट्झचा वेग. पण शेवटी ‘के’ असलं की हा गुणक मोकळा. ३३च्या जागी ४५ टाका, व्होल्टेज थोडं चढवा, की साडेचार गिगाहर्ट्झ. वर दमडी नाही. त्या काळी हे इतकं सर्रास चालायचं, की ‘के’ घेऊन तो ३३वर चालवणारा म्हणजे हुरड्याला बोलावलं तर घरून पोळीभाजीचा डबा आणणारा.

अण्णांना मात्र हे कधीच पटलं नाही. अण्णा म्हणजे माझे वडील, वाळूज एमआयडीसीत टर्नर होते. त्यांचा जगाकडे बघण्याचा चष्मा लेथचा.

“कार्बाइड टूलचा कटिंग स्पीड वीस टक्के वाढवला की टूलचं आयुष्य निम्म्यावर येतं,” ते म्हणाले. “टेलरचं सूत्र आहे. तू किती वाढवलास?”

“छत्तीस टक्के.”

अण्णांनी चष्मा काढून पुसला. “मग ते अजून जिवंत कसं?”

चिपच्या बाबतीतही असंच एक सूत्र आहे, हे मी त्यांच्यापासून दडवून ठेवलंय. मोटोरोलातल्या जेम्स ब्लॅकने १९६९ मध्ये ते मांडलं. चिपमधल्या केसाहून कितीतरी बारीक तारांतून वीज दाटीने जाऊ लागली आणि तापमान चढलं, की इलेक्ट्रॉनांचा लोंढा धातूचे अणूच पुढे रेटत नेतो. एकीकडे तार झिजते, दुसरीकडे ढीग साचतो. ट्रान्झिस्टरही वयानुसार मठ्ठ होतात. पूर्वी जेवढ्या व्होल्टेजवर उड्या मारायचे, तेवढ्यावर आता नुसते हूं म्हणतात. म्हणून मी व्होल्टेज वाढवतो. त्याने उष्णता वाढते, उष्णतेने झीज वाढते, आणि झिजल्यावर पुन्हा व्होल्टेज. ओळखीच्याचा एसएमपीएस लावून पाहिला, रॅम बदलून पाहिली. दोन्ही निर्दोष सुटले.

त्यात आमचं गाव. छत्रपती संभाजीनगरचा मे महिना म्हणजे पारा चाळिशीच्या वर. पंखा कितीही जोरात फिरला तरी खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि सिडकोतल्या वरच्या मजल्यावरची ही खोली दुपारी स्लॅबसकट तापते. मग कॅबिनेट डेझर्ट कूलरसमोर ठेवलं. तापमान उतरलं, पण चार दिवसांनी उघडून पाहतो तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ आणि ओल यांचा गिलावा झालेला. टूथब्रशने खरवडावा लागला. त्याला वाळ्याचा वास येत होता, हे मात्र छान.

पैठण गेटजवळच्या दुकानदाराने सांगितलं, “वॉटर कूलिंग बसवा.”

घरी आल्यावर हे बोलायला नको होतं, पण बायकोने ऐकलं. “नळाला पाणी आठवड्याने येतं. जायकवाडी भरलेलं असलं तरी आपण टँकरवाल्याच्या हातापाया पडतो. आणि तुम्ही डबड्याला पाणी पाजणार?” त्यातलं पाणी सीलबंद असतं, रोज भरावं लागत नाही, हे सांगेपर्यंत ती गच्चीवर टाकी बघायला गेली होती.

शेवटी परीक्षा घ्यायचं ठरवलं. प्राइम९५ नावाचा प्रोग्रॅम आहे. मूळ काम मर्सेन प्रकारच्या अवाढव्य मूळ संख्या शोधणं. पण तो प्रोसेसरला इतका पिळतो, की ओव्हरक्लॉकवाले त्याच्यावरच मशीनची कुवत जोखतात. मर्सेन संख्यांशी माझं घेणंदेणं शून्य. तरी रात्री जेवणं झाल्यावर लावला. अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले. थोड्याच वेळात एका कोअरने जाहीर केलं: राउंडिंग ०.५ आलं, ०.४च्या आत हवं होतं.

“म्हणजे?”

“गणित चुकायला लागलंय.”

“मशीन बंद पडलं तर चालतं,” अण्णा गंभीर झाले. “पण माप चुकवणारं मशीन चालू ठेवलं, तर अख्खी बॅच भंगारात.” त्यांनी कॅबिनेटवर तळहात ठेवला, बेअरिंग तापलंय का बघावं तसा. “तेहतीसवर आण.”

“चव्वेचाळीस.”

“तेहतीस.”

“अण्णा, टर्बोमध्ये कंपनीच सदतीसपर्यंत जाऊ देते!”

“मग सदतीस.”

“लग्नसराई आहे. बेचाळीस तरी.”

बेचाळीसवर अर्धं लग्न लागलं. चाळीसवर अक्षता पडल्या, सप्तपदी झाली, पाठवणीत नवरीची आई व्यवस्थित रडली. अण्णा समाधानाने उठले आणि दारात थांबले.

“आषाढीपर्यंत चालव. मग चातुर्मासात तेहतीस. कांदा-लसूण मीही सोडतोच की.”