पाऊण फेरीचं शास्त्र

पिकअपचा डिझेल फिल्टर घरच्या घरी बदलू इच्छिणाऱ्या साधकाने सर्वप्रथम एक गोष्ट मान्य करावी: फिल्टर हट्टी नसतो. पत्र्याचा डबा, आत घड्या घातलेला कागद, वर आटे आणि एक रबरी रिंग, एवढ्या ऐवजात हट्टाला जागाच नाही. तो निघत नाही, कारण कोणीतरी तो न निघण्यासाठीच बसवलेला असतो. हा कोणीतरी शोधायला फार लांब जावं लागत नाही. प्रत्येक गॅरेजात आणि बहुतेक घरांत एक ‘आवळणारा’ असतोच. गळका नळ तो वॉशर कापला जाईपर्यंत आवळतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्याने लावलं की ते उघडायलाही त्यालाच बोलवावं लागतं, आणि यात आपलं काही चुकलं असं त्याला वाटत नाही. उलट मान मिळाल्यासारखं वाटतं. प्रस्तुत मार्गदर्शन वरकरणी फिल्टरविषयी असलं तरी रोख त्याच्यावर आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आता पुरावा. नवा फिल्टर विकत घेतला की बहुधा त्याच्या डब्यावर किंवा खोक्यावर तीन-चार चित्रं छापलेली असतात. रिंगला डिझेलचं बोट लावा, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवा, टेकल्यावर आणखी अर्धी ते पाऊण फेरी द्या. चित्रात हात असतो; पाना नसतो. कारण साधं आहे. गळती अडवण्याचं काम रबर करतं, दंड करत नाहीत. रबर हवं तेवढं दाबलं गेलं की काम झालं. त्यापुढचा जोर रबराला खाचेतून बाहेर ढकलतो. रिंग कोरडी असेल तर ती फिरताना पिळवटते आणि पुढे महिनोन्महिने इंजिनच्या उष्णतेत वरच्या धातूला चिकटून बसते. म्हणजे आज आपल्या हातात जो ‘अडलेला’ फिल्टर आहे, त्याचा इतिहास दोन ओळींचा आहे: मागच्या वेळी रिंगला डिझेल लावलं नाही, आणि पाऊण फेरीनंतर पाना हातात घेतला. बाकी गंज, धूळ आणि चिखल हे साक्षीदार, आरोपी नव्हेत.

यावर आवळणाऱ्याचा युक्तिवाद ठरलेला असतो आणि तो नीट ऐकून घेतला पाहिजे. तो म्हणतो, “चित्रं काढणाऱ्याला खड्डे माहीत नाहीत. रात्री नारायणगावहून टोमॅटो भरून निघालेली गाडी आळेफाट्यावरून माळशेज घाटात शिरते. तिथे फिल्टर सैल होऊन गाडी बंद पडली तर पहाटेचा बाजार गेला. मग तो टोमॅटो काय चित्रवाला घेणार?” या माणसाचा कितीही वैताग आला तरी इथे थट्टा करवत नाही. माल दुसऱ्याचा, हप्ता स्वतःचा आणि डिझेल उधारीवर, अशी गाडी जो चालवतो तो काळजीपोटी एक फेरी जास्त देणारच. पण काळजी खरी असली तरी हिशोब चुकलेलाच आहे. दाबलेलं रबर आट्यांवर सतत ताण ठेवतं आणि तोच ताण फिल्टरला फिरू देत नाही. खड्ड्यांसाठी निराळा जोर लागत नाही. उलट अति आवळून रिंग खाचेतून सरकली, तर घाटात बंद पडण्याची तजवीज त्याने घरूनच केलेली असते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: फिल्टर नियमाप्रमाणे हातानेच बसवला होता, तरी निघत नाही. अशा वेळी जोर तपासण्याआधी दिशा तपासावी. खाली तोंड करून लटकणारा फिल्टर खालून पाहिला तर घड्याळाच्या उलट फिरवल्यावर सुटतो. साधक मात्र बोनेट उघडून वरून ओणवा झालेला असतो, आणि वरून तीच दिशा घड्याळाप्रमाणे दिसते. “उलटा फिरव” ही सूचना तो अत्यंत प्रामाणिकपणे पाळतो आणि फिल्टर आणखी अर्धी फेरी आवळतो. शेजारी टॉर्च धरून उभ्या असलेल्या पोराच्या हे लक्षात आलेलं असतं. पण टॉर्च धरणाऱ्याला मताचा अधिकार नाही, ही आपल्या घराघरातली घटना आहे. दुरुस्ती करायचीच असेल तर आधी तिच्यात करावी.

साधनविचार थोडक्यात. इंजिन गार, बॅटरीची मायनस वायर सुटी, खाली ट्रे, बिडी लांब. फिल्टरच्या वरचा भाग आधी पुसून घ्यावा, नाहीतर तिथली माती उघड्या तोंडात पडते. पट्ट्याचा किंवा साखळीचा पाना डब्याच्या वरच्या कडेशी लावावा, कारण तिथे आत जाड चकती असते. मध्यावर लावला की पत्रा आत दबतो आणि पाना नुसताच घसरत राहतो. हात निसटत असेल तर पॉलिश पेपरची पट्टी, खरखरीत बाजू डब्याकडे करून, गुंडाळावी. झटके देऊ नयेत; एकसारखा जोर द्यावा. डब्यात स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून तो मुठीसारखा फिरवण्याची एक वीरश्रीयुक्त पद्धत सर्वत्र सांगितली जाते. तिचा परिणाम असा की पत्रा फाटतो, डिझेल मनगटावरून घड्याळाच्या पट्ट्याखाली शिरून कोपरापर्यंत ओघळतं, आणि आट्यांची चकती वर होती तिथेच राहते. आता धरायला डबाही उरलेला नसतो. ही पद्धत सांगणारा तोपर्यंत चहाला गेलेला असतो.

फिल्टर निघाल्यावर विजयाची घाई नको. जुनी रिंग त्याच्याबरोबर आली का, हे बोटाने चाचपून पाहावं. ती वरच चिकटून राहिली आणि नवी तिच्यावर बसली, तर दोन्ही मिळून काम बिघडवतात. ज्या गाड्यांत पंप फिल्टरच्या पुढे बसून डिझेल ओढून घेतो, तिथे गळती दिसतही नाही: डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडी सुरू होते, दोन मिनिटं चालते आणि बंद पडते. मग आवळणारा काय करतो? फिल्टर आवळतो. जुन्या फिल्टरच्या बुडाशी पाण्याचा सेन्सर असेल तर तो काढून नव्यावर घ्यावा. तो जुन्या डब्यासकट भंगारात गेल्याची किंमत फिल्टरपेक्षा जास्त पडू शकते. नव्या फिल्टरमध्ये डिझेल ओतून बसवावा, असंही जाणते सांगतात. ओतायचंच तर बाहेरच्या बारीक भोकांतून. मधलं मोठं भोक गाळलेल्या बाजूचं, तिथून ओतलेलं डिझेल न गाळता थेट पुढे जातं. त्यापेक्षा हवा काढायचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. आधी पंप पोकळ लागतो, मग स्क्रूपाशी फेस येतो, मग बुडबुडे विरळ होतात आणि अखंड धार लागते. धार लागली की स्क्रू बंद. हो, हलक्या हाताने. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये. बॅटरी आणि स्टार्टर हे फिल्टरच्या भांडणात नसतात.

इथे जुने फिटर हसतात. ते म्हणतात, इंजेक्टरचे नट सैल करा, सेल्फ मारा, हवा आपोआप निघते. जुन्या इंजिनांवर त्यांचं म्हणणं योग्यच होतं आणि त्या हातांना जे कळतं ते पुस्तकात सापडत नाही. पण कॉमन रेल इंजिनात त्या नळ्यांमध्ये दाब हजार बारच्या वर जातो. तिथून सुटलेली बारीक धार कातडी भेदून आत शिरते. तिथे पाना लावायचाच नाही. “हल्ली डिझेल इतकं शुद्ध येतं, फिल्टर बदलायचाच कशाला?” असाही एक सवाल येतो. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल आलं आणि त्यातलं गंधक 50 पीपीएमवरून 10 पीपीएमवर आलं, हे खरं. पण गंधक कमी झालं म्हणून गोठ्यातल्या पिंपातली धूळ आणि पावसाळ्यातलं पाणी कमी होत नाही. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. फिल्टरला त्याच्या दहाव्या भागाएवढे कण अडवायचे असतात.

राहिलं एवढंच. जुनं डिझेल मोरीत ओतू नका. नव्या डब्यावर तारीख आणि किलोमीटर मार्करने लिहा. आणि पाऊण फेरी झाल्यावर कोणी मागून “अजून जरा घे” म्हणालं, तर त्याला टॉर्च धरायला द्या.