सर्वांना सर्व अधिकार

टीव्हीचा रिमोट कोणाच्या हातात असावा यावर ज्या घरात तीन पिढ्यांचं एकमत होत नाही, त्याच घरात फाइल सर्व्हरचा कारभार एका टिचकीत लोकशाही होतो. एव्हरीवन, फुल कंट्रोल. आजोबांपासून शेजारच्या पाहुण्यापर्यंत कुणीही यावं, काहीही पुसावं.

सध्या घरच्या सर्व्हरची टूम आहे. अडगळीतला पीसी, त्यावर लिनक्स, त्यावर घरातल्या संगणकांना फोल्डर वाटून देणारं सांबा. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेलने १९९२मध्ये जगाला दिलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यामुळे त्याची माहिती वाचण्याचे कष्ट कुणी घेत नाही. 'आपले फोटो आता परक्याच्या क्लाउडवर नाहीत!' असं पाहुण्यांना ऐकवून होतं आणि नेमकं तेव्हाच वहिनींच्या लॅपटॉपवर 'ॲक्सेस डिनाइड' झळकतं.

कारण फार गूढ नसतं. परवानग्या दोन जागी असतात, सांबाच्या आणि डिस्कवरच्या. वॉचमनने गेट उघडलं म्हणून फ्लॅटचं कुलूप उघडत नाही. शिवाय लिनक्सचा पासवर्ड सांबाला आपोआप कळत नाही, तो तिथे वेगळा नोंदवावा लागतो. माणशी एक खातं, कुणी फक्त पाहायचं आणि कुणी लिहायचं याचा निर्णय, एवढंच काम. पण निर्णय म्हणजे कुणाला तरी 'नाही' म्हणणं आलं, आणि घरात वाईटपणा कोण घेणार? मग घरातला तज्ज्ञ, म्हणजे भाचा, फोल्डरवर ७७७, म्हणजे सर्वांना सगळी मुभा, मारतो आणि 'गेस्ट ओके'पुढे 'येस' लिहितो. परवानगीचा प्रश्न सुटला, कारण परवानगीच उरली नाही.

२०२४ची विंडोज ११ प्रो असल्या बिनपासवर्डाच्या फोल्डरला शिवत नाही. शिव्या अर्थातच विंडोजला बसतात, आणि ती खबरदारी बंद कशी करायची याचा शोध लगेच सुरू होतो. हॉलमधल्या जुन्या मीडिया प्लेअरला तर फायली वाटण्याच्या एसएमबी-१ या जुन्या पद्धतीशिवाय काही कळत नाही. मे २०१७मध्ये विंडोजच्या याच एसएमबी-१ मधल्या भोकातून वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर घुसला, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे संगणकही त्याने ओलीस धरले. दुरुस्तीचा पॅच मार्चमध्येच आलेला होता, तो लावायचं राहिलं होतं. सांबाने २०१९च्या ४.११ आवृत्तीपासून एसएमबी-१ मुळातच बंद ठेवलं. आपण ते परत उघडतो. एका डब्याला जुने पिक्चर दिसावेत म्हणून!

बाकी, खंडणीखोर व्हायरसला सर्व्हर फोडावा लागतच नाही. पोराच्या लॅपटॉपवर सर्व्हरचा फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला असतो. पोराला जिथे लिहिता येतं, तिथे व्हायरसलाही येतं. आणि तीच फाइल दोन डिस्कवर ठेवणारं रेड असेल, तर बिघडलेली फाइल दोन्हींवर इमानेइतबारे बिघडते. तरी त्यालाच बॅकअप म्हणायचं.

नेटवर्कवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, हे बहुतेकांना लग्नाचा व्हिडिओ गेल्यावर कळतं. सांबात त्यासाठी कचरापेटीची सोय आहे, कॉन्फिगमध्ये एक ओळ लिहिली की चालू होते. पण भाचा सध्या गडबडीत आहे. सर्व्हरच्या पंख्याला निळे दिवे लावतोय.