टोनसाधक

इलेक्ट्रिक गिटारच्या जगात वादकांखेरीज आणखी एक वर्ग आढळतो आणि तो वादकांपेक्षा संख्येने मोठा असावा, असे मानण्यास जागा आहे. या वर्गातील मनुष्याला गिटार वाजवता येतेच असे नाही आणि येत नाही असेही नाही. त्याचे व्यवच्छेदक लक्षण वादनात नसून ऐकण्यात आहे, कारण तार छेडल्यावर कोणता स्वर निघाला याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते, तो स्वर कसा निघाला, त्याच्या कडा कितपत गोल होत्या आणि विरताना तो एकदम विरला की रेंगाळत विरला, या प्रश्नांनी मात्र त्याची झोप उडते. स्वराच्या या पोताला टोन म्हणतात आणि त्याच्या मागे लागलेल्या मनुष्याला सोयीसाठी टोनसाधक म्हणता येईल. अमेरिका, इंग्लंड आणि जपान ही या पंथाची मूळ पीठे होत. तथापि पुणे, ठाणे आणि नवी मुंबई येथील दोन बेडरूमच्या सदनिकांतही, विशेषतः संगणकाच्या नोकरीत स्थिरावलेल्या आणि गृहकर्जाचे निम्मे हप्ते फेडून झालेल्या पुरुषांत, त्याचा प्रादुर्भाव बऱ्यापैकी आहे.

टोनसाधकाच्या श्रद्धेचे केंद्र म्हणजे व्हॉल्व्ह, अर्थात आजोबांच्या रेडिओत तापून केशरी दिसणारी ती काचेची निर्वात नळी. ट्रान्झिस्टरने तिला रेडिओतून केव्हाच हुसकावले, परंतु गिटारच्या अँप्लिफायरमध्ये ती आजही ठाण मांडून आहे आणि याचे कारण तिच्या गुणात नसून दोषात आहे. कोणत्याही अँप्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेरचा संदेश दिला की ध्वनिलहरीचे शेंडे छाटले जातात. हीच घटना मांडवात घडली तर 'आवाज फाटला' म्हणून भोंगेवाल्याचा उद्धार होतो. ट्रान्झिस्टर हे शेंडे कात्रीने कापावे तसे सपाट कापतो, तर व्हॉल्व्ह ते हळूहळू दाबत नेतो, त्यामुळे मूळ स्वराच्या जोडीला उपस्वरांची झालर लागते आणि आवाज फाटूनही कानाला गोड वाटतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावताना कान जे शोधत असतो, त्याच्या पुष्कळ जवळचे असे काही टोनसाधक शोधत असतो. फरक इतकाच की जवारी लागल्यावर गवई गायला बसतो.

या मनुष्याची टिंगल करणे सोपे आहे, पण त्याचे खंडन करणे जवळजवळ अशक्य आहे, कारण त्याच्या प्रत्येक विधानात सत्याचा अंश असतो. लांब केबलने आवाजातली चमक कमी होते, असे तो म्हणतो, आणि ते खरे आहे, कारण केबलची धारकता, म्हणजे विद्युतभार साठवून ठेवण्याचा गुण, लांबीबरोबर वाढते आणि गिटारच्या क्षीण संदेशातील वरच्या पट्टीच्या लहरी आधी गिळते. फझ नावाच्या पेडलला, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या पायाखालच्या डबीला, साधी जस्त-कार्बनची बॅटरीच लागते, अल्कलाइन चालत नाही, असे तो सांगतो. त्यातही तथ्य आहे, कारण स्वस्त बॅटरीचा आंतरिक रोध अधिक असतो आणि त्याचा परिणाम मंडलावर होऊ शकतो. अमेरिकेतील एरिक जॉन्सन या नामवंत वादकाने बॅटऱ्यांच्या कंपन्यांतला फरक आपल्याला ऐकू येतो असे जाहीरपणे सांगितल्यापासून तर या मताला आप्तवाक्याचे बळ लाभले आहे. जुन्या फझमधले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर उष्णतेने बिघडतात, हेही पदार्थविज्ञानाला धरूनच आहे. तापमान वाढले की त्यांतून गळणारा प्रवाह वाढतो. लंडनच्या गारठ्यात १९६६मध्ये जन्मलेला 'फझ फेस' नागपूरच्या मे महिन्यात आजाऱ्यासारखा कण्हत असेल, तर तो दोष वादकाचा नव्हे, हे मान्य करावे लागते. अडचण एवढीच की सत्याचा हा अंश शेकडा किती, हा प्रश्न टोनसाधकाला अप्रस्तुत वाटतो.

त्याच्या शास्त्राचा सर्वांत मनोरंजक भाग मात्र इतिहासात आहे. ज्या ध्वनींना तो आदर्श मानतो, त्यांपैकी बहुतेक बिघाड, काटकसर किंवा उतावीळपणा यांतून जन्मलेले आहेत. नॅशव्हिल येथे १९६१च्या सुमारास मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना मिश्रण-यंत्राची एक वाहिनी बिघडली आणि ग्रेडी मार्टिनच्या वाद्याचा आवाज घसा बसल्यासारखा उमटला. ध्वनितंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी याने तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारे मंडल रचले आणि १९६२मध्ये ते 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आले. किंक्स या इंग्लिश चमूतील डेव्ह डेव्हिसने १९६४च्या सुमारास आपल्या लहानशा अँप्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला. लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान चालवणारे जिम मार्शल हे मुळात ड्रमवादक. अमेरिकन अँप्लिफायर महाग पडतात म्हणून त्यांच्या दुकानातील मंडळींनी १९६२मध्ये फेंडर कंपनीच्या 'बासमन'ची आखणी समोर ठेवून इंग्लंडमध्ये मिळतील त्या सुट्या भागांनी आपला अँप्लिफायर बांधला, आणि तो बासमन तर गिटारसाठी नव्हेच, बेस गिटारसाठी बनवलेला होता. एका वाद्यासाठीच्या यंत्राची दुसऱ्या देशातील नक्कल तिसऱ्याच कामाला लावल्यावर जो आवाज निघाला, तोच पुढे रॉकचा प्रमाण स्वर ठरला. या सर्वांच्या निष्काळजीपणाची हुबेहूब प्रतिकृती आपल्या घरी व्हावी म्हणून टोनसाधक जी काळजी घेतो, तिला मात्र तोड नाही. स्वतःच्या स्पीकरला ब्लेड लावण्याची वेळ आलीच, तर चीर किती सेंटिमीटरची असावी, याचा तो महिनाभर अभ्यास करील.

पेडलांच्या बाबतीत त्याची निष्ठा बहुदैवतवादी असते. जपानी बनावटीचा हिरवा 'ट्यूब स्क्रीमर' हे त्यांतले ग्रामदैवत. नावात ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्ह, असली तरी आत एकही ट्यूब नाही, केवळ काही डायोड आणि एक किरकोळ किमतीची चिप आहे, आणि ती चिप अमुकच छापाची असावी यावरून मित्रांत अबोला धरला जातो. 'क्लॉन सेंटॉर' हे जागृत परंतु दुर्मीळ दैवत होय. बिल फिनेगन या अमेरिकन कारागिराने १९९४पासून ते हाताने बनवून विकले, नक्कल होऊ नये म्हणून आतल्या मंडलावर राळ ओतली, आणि त्याचा स्वाभाविक परिणाम असा झाला की आत काय आहे हे न दिसल्यामुळे आत काहीतरी आहे, अशी सर्वांची खात्री पटली. जुन्या क्लॉनची किंमत आज हजारो डॉलरांत मोजली जाते. फिनेगनने पुढे काढलेल्या सुधारित पेडलवर, या अतिरेकी गाजावाजाला आपण जबाबदार नाही, अशा आशयाचा मजकूरच छापला. भक्तांनी तोही प्रसाद म्हणून स्वीकारला.

आता मुख्य अडथळ्याकडे वळले पाहिजे, आणि तो अडथळा म्हणजे शेजारी. व्हॉल्व्हचा मधुर फाटका आवाज अँप्लिफायर पूर्ण ताकदीच्या जवळपास चालवल्याशिवाय पुरता खुलत नाही. शंभर वॅटचे अँप्लिफायर मोठ्या सभागृहांसाठी, गिटारचा आवाज सभागृहाच्या भोंग्यांतून सोडण्याची सोय नसलेल्या काळात बनले; त्यांपैकी एखादा बारा बाय दहाच्या खोलीत ठेवून त्याचे बटण एकवर आणावे, तर तो घुमा बसतो आणि दोनवर न्यावे, तर सोसायटीचे सेक्रेटरी काका दारात येतात. शंभरऐवजी पन्नास वॅटचा घेऊन काही साधत नाही, कारण कानाचा हिशेब गुणोत्तराने चालतो आणि ताकद निम्मी केल्याने आवाज केवळ तीन डेसिबलने उतरतो. मग टोनसाधक अ‍ॅटेन्युएटर घेतो, म्हणजे अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये बसून बहुतेक शक्तीची उष्णता करून टाकणारी पेटी. शक्ती विकत घेण्यास एकदा आणि ती वाया घालवण्यास पुन्हा एकदा पैसे मोजणारा ग्राहक अन्यत्र विरळाच. तरीही पूर्वीची मजा येत नाही, अशी त्याची तक्रार राहते, आणि येथेही विज्ञान त्याच्याच बाजूने साक्ष देते: फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये दाखवल्याप्रमाणे आवाज लहान झाला की मानवी कानाला खर्ज आणि वरची पट्टी ही दोन्ही टोके मधल्या पट्टीच्या मानाने कमी ऐकू येतात. अशा मनुष्याला दिलासा मिळतो तो वरच्या मजल्यावर फरशा फोडण्याचे काम निघाल्यावर. त्या आठवड्यात सारी इमारत कानांत बोटे घालून बसते, हा मात्र भोजनाची सुट्टी सोडून दिवसभर सातवर वाजवतो, आणि काम संपल्याचे वाईट वाटणारा तोच एक रहिवासी असतो.

त्याचा संसार सुरळीत चालतो, याचे श्रेय पेडलांच्या आकाराला द्यावे लागेल. ती सगळी साधारण एकाच मापाची असल्याने फळीवर अकरावे आले तरी घरच्यांच्या लक्षात येत नाही, आणि आलेच तर 'हे जुनेच आहे' असे तो सांगतो, जे अक्षरशः खरे असते, कारण ते वापरलेलेच घेतलेले असते. व्हॉल्व्हसाठी तो पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, रेडिओदुरुस्तीचा धंदा बंद करण्याच्या बेतात असलेल्या वृद्धांशी सलगी करतो. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी रेडिओसाठी बनवलेला न वापरलेला व्हॉल्व्ह खोक्यासह हाती लागला, तर त्या दिवशी तो घरी पेढे नेतो. मार्च २०२२मध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा जग गॅस आणि गहू यांच्या चिंतेत होते. टोनसाधकाला ठाऊक होते की गिटारचे कितीतरी व्हॉल्व्ह व्होल्गाकाठच्या साराटोव्ह शहरातून येतात, आणि त्याने चार जोड भरून ठेवले. अँप्लिफायर उघडून स्वतःच व्हॉल्व्हचा प्रवाह जुळवण्याची हौसही त्याला असते. येथे थट्टा बाजूला ठेवून नोंदवले पाहिजे की आतल्या धारकांत, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागांत, वायर काढल्यानंतरही चारशेहून अधिक व्होल्ट शिल्लक राहू शकतात आणि ते जिवावर बेततात.

विजेच्या दाबाविषयी त्याचे स्वतंत्र चिंतन असते. एडी व्हॅन हॅलन या वादकाने दाब बदलणाऱ्या व्हेरिअ‍ॅक नावाच्या रोहित्राने आपल्या मार्शल अँप्लिफायरला मिळणारा दाब नव्वद व्होल्टच्या आसपास उतरवून विख्यात टोन मिळवला, हे तो भेटेल त्याला सांगतो. अशा पूर्वतयारीनिशी वर्षातून एकदा कंपनीच्या स्नेहसंमेलनात वाजवण्याचा योग येतो. तीस किलोचा अँप्लिफायर दोघांनी धरून रंगमंचावर चढवला जातो, साउंडवाला त्याच्यापुढे एक माइक टेकवतो, पाठोपाठ गिटारचा आवाज निम्म्यावर आणतो, आणि ड्रम सुरू झाल्यावर अकरा पेडलांपैकी कोणते चालू आहे हे खुद्द वादकालाही समजत नाही. कार्यक्रमानंतर आवाजाची स्तुती होते ती दुसऱ्या गिटारवाल्याची, जो पाठीवरच्या सॅकमधून डिजिटल यंत्र घेऊन आला होता आणि ज्याने ते थेट साउंडवाल्याच्या वायरीला जोडले होते. टोनसाधक याने खचत नाही, कारण त्याने मल्टिमीटर लावून आधीच पाहिलेले असते की सभागृहात त्या संध्याकाळी दाब दोनशे तीसऐवजी दोनशे दहाच होता. दाब उतरल्याने तर टोन सुधारायला हवा होता, असे कोणी सुचवलेच, तर तो शांतपणे समजावतो की व्हॅन हॅलनने दाब स्वतः उतरवला होता, येथे तो आपोआप उतरला.