अंत्यविम्याचे स्वयंवर

केवळ आपल्या अंत्यविधीच्या खर्चापुरता विमा उतरवण्याची रीत अमेरिकेत रूढ असून, तो विकणारा नवखा प्रतिनिधी कोणती कंपनी मधुमेह्यास नाक न मुरडता पदरात घेते आणि कोणती अधिक दलाली देते, याच्या विवंचनेत असतो. पुण्यातील प्रतिनिधीस हे सुख नाही, कारण आयुर्विम्यापुरते एकाच कंपनीशी एकपत्नीव्रत कायद्यानेच त्याच्यावर लादले आहे. १९५६ साली, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना ठरल्याप्रमाणे, २४५ विमा कंपन्या व प्रॉव्हिडंट सोसायट्या एका आयुर्विमा महामंडळात विलीन झाल्या, तेव्हा तर वरमाला कोणास घालावी हा प्रश्नच बेवारस ठरला होता. आता खासगी कंपन्या दिमतीस हजर आहेत. परंतु नवा उमेदवार निवड करतो ती दावे चुकते करण्याची तत्परता पाहून नव्हे, तर मावसभावाने महामंडळाची एजन्सी आधीच घेतल्यामुळे. एवढे सव्यापसव्य करून तो सदाशिव पेठेतील पेन्शनरासमोर बसतो, तेव्हा ते गृहस्थ चष्मा पुसून पृच्छा करतात, “वैकुंठ स्मशानभूमीतला खर्च मुलगा करणारच आहे, मग हप्ता मी का भरू?”