सॉफ्टवेअर ठरलं, सभासद ठरायचेत

नियतकालिक चालवणाऱ्या संस्थेनं वर्गणीची वेबसाइट काढायची ठरवली, की पहिला ठराव येतो सॉफ्टवेअरचा. वर्गणीच्या बदल्यात वाचकाला द्यायचं काय, हा प्रश्न ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ यात जातो आणि तेवढ्यात चहा आल्यामुळे तिथेच राहतो. आचारी ठरला, पंगतीला कोण बसणार, ते नंतर बघू.

मग सूचना येतात. कोषाध्यक्षांचा पुतण्या म्हणतो, वर्डप्रेस. हिंजवडीला नोकरी करणारे सहकार्यवाह म्हणतात, घोस्ट. लेकीकडे न्यू जर्सीला सहा महिने राहून आलेले उपाध्यक्ष म्हणतात, सबस्टॅक, कारण जावई तिथे रोज काहीतरी वाचत असतो. आणि ज्यांना काहीच सुचत नाही ते म्हणतात, ‘आपलं स्वतःचं ॲप का नको?’ लगेच एक उपसमिती नेमली जाते. उपसमिती सतरा रकान्यांचा तुलना-तक्ता बनवते. ‘सभासद वर्गणी का देईल?’ हा अठरावा रकाना त्यात नसतो.

उमेदवार एकेक करून पाहू.

वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर 2003 पासून आहे आणि फुकट आहे. म्हणजे पहिलं प्लगइन, अर्थात जादा कामाचं जोड-सॉफ्टवेअर, विकत घेईपर्यंत फुकट आहे. लेखांना कुलूप लावायचं, वर्गणी संपली की दार बंद करायचं, ही कामं मूळ वर्डप्रेस करत नाही. त्यासाठी मेंबरप्रेस, पेड मेंबरशिप्स प्रो, रिस्ट्रिक्ट कंटेंट प्रो अशी प्लगइनं लागतात. मोफत आवृत्ती चाखायला आणि कामाची आवृत्ती दरसाल डॉलरमध्ये, हा तिथला बहुतेकांचा रिवाज. हे सगळं पुतण्या छान बसवून देतो. मग तो एमएसला जातो आणि ॲडमिनचा पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. आणि फुकटच्या राज्यात भाऊबंदकी नसते असं कुणी समजू नये. 2024 च्या सप्टेंबरात वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात जाहीर जुंपली आणि पुढच्याच महिन्यात त्या कंपनीचं एक लोकप्रिय प्लगइन वर्डप्रेसच्या भांडारात परस्पर ताब्यात घेतलं गेलं. भांडण मोठ्यांचं, अपडेट अडकलं ते वापरणाऱ्यांचं.

घोस्ट सज्जन आहे. 2013 मध्ये किकस्टार्टरवर लोकांनी दिलेल्या पैशांतून उभं राहिलेलं, ना-नफा संस्थेनं चालवलेलं. वर्गणीत वाटा मागत नाही. सबस्टॅक हे न्यूजलेटर चालवायचं व्यासपीठ सुरुवातीला एक पैसा मागत नाही आणि वर्गणी सुरू झाली की 10 टक्के घेतं. मेंबरफुल ही सभासदत्व सांभाळणारी सेवा आपल्या आहे त्या वेबसाइटला जोडता येते. तिघेही देखणे. तिघांचीही तिजोरी मात्र एकच: स्ट्राइप, म्हणजे ऑनलाइन पैसे वसूल करून देणारी कंपनी. आणि 2024 पासून स्ट्राइपनं भारतातली नवी खाती फक्त निमंत्रणावर ठेवली. ते निमंत्रण येईपर्यंत संस्थेनं काय करायचं, हे सतरापैकी एकाही रकान्यात लिहिलेलं नसतं.

तेव्हा सॉफ्टवेअरचं सौंदर्य बाजूला ठेवा आणि पहिलं विचारा: पैसे कोणत्या दारानं येणार?

परदेशात वर्गणीचा धंदा बराचसा विसरभोळेपणावर चालतो. कार्डाचा नंबर एकदा दिला की दरमहा पैसे कापले जातात आणि माणूस तीन वर्षांनी दचकतो. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं 1 ऑक्टोबर 2021 पासून या मौजेला लगाम घातला. पहिल्या वेळी ग्राहकानं ओटीपीसारखी जादा खात्री द्यायची आणि नंतर प्रत्येक वेळी पैसे कापण्याच्या 24 तास आधी त्याला कळवायचं. ओटीपीविना कापायची मर्यादा आधी 5,000 रुपये होती, जून 2022 मध्ये ती 15,000 झाली. 2020 च्या जुलैत आलेल्या यूपीआय ऑटोपेनं हेच कार्डाशिवायही शक्य केलं.

वाचकाच्या दृष्टीनं हा नियम उत्तम. संस्थेच्या दृष्टीनं त्याचा अर्थ असा, की मासिक वर्गणी ठेवली तर वर्षातून बारा वेळा तुम्ही सभासदाला स्वतःहून आठवण करून देणार, ‘अहो, हे तुम्ही वाचता का?’ बारापैकी एकदा तरी तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणणारच. म्हणून छोट्या संस्थेनं वार्षिक वर्गणी घ्यावी. आठवण एकदाच, आणि तेवढ्यासाठी वर्षभरात एक तरी लेख असा छापावा, जो आठवेल.

आता हिशेब. वार्षिक वर्गणी 600 रुपये धरा. भारतीय पेमेंट गेटवे साधारण 2 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी घेतो: म्हणजे 14 रुपये 16 पैसे. सबस्टॅकचे 10 टक्के म्हणजे 60 रुपये, वर कार्डाचा खर्च वेगळा. संस्थेच्या खात्याचा यूपीआय क्यूआर दारावर चिकटवला तर सहसा काहीच कापलं जात नाही. मग क्यूआरच का नको? कारण क्यूआर पैसे घेतो, माणूस ओळखत नाही. खात्यावर 600 रुपये आले, नाव दिसतं सुनेचं, सभासद आहेत सासरे, आणि अंक हवाय नाशिकच्या मेहुण्यांना. हे जुळवायला एक माणूस लागतो. पूर्वी मनिऑर्डरच्या कुपनावरचं अक्षर लावून हेच काम कचेरीतला कारकून करायचा आणि वर्गणीदार क्रमांक त्याला तोंडपाठ असायचे. त्याला निवृत्त केलं, त्याच्या जागी कुणी नेमलं नाही, आणि आता त्याचं काम करणारं सॉफ्टवेअर डॉलरमध्ये शोधतोय.

दुसरा प्रश्न: कुलूप कशाला लावणार?

उत्तर येतं, ‘आमच्याकडे तीस वर्षांचे अंक आहेत, खजिना आहे!’ आहे, पण तो खजिना श्रीलिपीत आहे. किंवा आयएसएममध्ये. युनिकोडच्या आधीच्या या फॉन्टांत प्रत्येकानं अक्षरांना आपापले आकडे दिलेले. तो मजकूर वेबसाइटवर चिकटवला की ज्ञानेश्वरांवरचा लेख इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि डॉलरच्या खुणा यांचा चिवडा होऊन समोर येतो. पीडीएफ टाकली तर दिसायला ठीक, पण शोधायला गेलात तर लेखकाचं नावसुद्धा सापडत नाही. आधी कन्व्हर्टर, मग मुद्रितशोधन, कारण कन्व्हर्टर जोडाक्षरांत आणि रफारात हमखास ठेचकाळतो. या कामाचा खर्च कुठल्याही सॉफ्टवेअरच्या परवान्याहून जास्त आहे आणि त्याची तरतूद अंदाजपत्रकात शून्य. बरं, जुन्या लेखांचे हक्क लेखकांनी छापील अंकापुरते दिले होते की कायमचे, हेही फायलीत बघा. फाइल सापडली तर.

कुलपाबद्दल फार आशाही नको. उजव्या क्लिकला बंदी, वॉटरमार्क, एका वेळी दोनच उपकरणं, सगळं घाला. दिवाळी अंकाची पीडीएफ फराळाच्या आत कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते, खाली ‘छान आहे, जरूर वाचा’ असं लिहिलेलं असतं आणि पाठवणारे बहुधा संस्थेचे आजीव सभासद असतात.

तिसरा प्रश्न: आत येणार कोण?

तुमचा वर्गणीदार बहुतेक साठीच्या पुढचा. त्याचा ईमेल नातवानं काढून दिलाय आणि नातू बंगळूरला आहे. त्याला पडद्यावर ‘युवर मेंबरशिप हॅज एक्स्पायर्ड’ असं दिसलं तर तो घाबरून फोन करणार. फॉर्म विचारतो फर्स्ट नेम आणि लास्ट नेम; तो पहिल्यात आडनाव टाकतो, दुसऱ्यात वडिलांचं नाव, आणि पावतीवर त्याचं स्वतःचं नाव गायब होतं. म्हणून निवडीची कसोटी अशी: सगळे संदेश मराठीत करता येतात का, पासवर्डशिवाय मोबाइलच्या ओटीपीवर आत जाता येतं का. ओटीपीचा एसएमएस हवा असेल तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानुसार डीएलटी या एसएमएस-नोंदणीच्या व्यवस्थेत संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची (हेडर) आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते. परदेशी प्लगइनला डीएलटीचं नावही ठाऊक नसतं. आणि शेवटी एक दूरध्वनी क्रमांक, जो दुपारी चारनंतर कुणीतरी उचलतो. हा सगळ्यात महाग रकाना आहे, म्हणून सतरांत तो कुणी लिहीत नाही.

चौथा प्रश्न कुणालाच सुचत नाही: बाहेर कसं पडणार?

रेव्ह्यू नावाची न्यूजलेटर सेवा होती. ट्विटरनं ती जानेवारी 2021 मध्ये घेतली आणि जानेवारी 2023 मध्ये बंद केली. ज्यांनी आपली यादी वेळेत उतरवून घेतली, ते वाचले. मेंबरफुल 2018 मध्ये पेट्रिऑननं विकत घेतलं. रिस्ट्रिक्ट कंटेंट प्रो 2020 मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेलं. या सगळ्यात गैर काहीच नाही. कंपन्या विकल्या जातात. तुमची सभासद-यादी त्यांच्याबरोबर विकली जाऊ नये, एवढंच पाहायचं. नाव, पत्ता, फोन, मुदत, भरलेली रक्कम हे सगळं एका क्लिकवर एक्सेलमध्ये उतरतं का, हे विकत घ्यायच्या आधी स्वतः करून बघा. विक्रेत्याच्या ‘होऽ, येतं की’ वर जाऊ नका. आणि यादी आली तरी ऑटोपेची परवानगी बरोबर येत नाही. नव्या गेटवेवर सभासदाला ती पुन्हा द्यायला लावावी लागेल, असं धरूनच चाला. तेव्हा पुन्हा तोच फोन, दुपारी चारनंतर.

कायद्याचंही उरकून घेऊ, कारण संस्थेत हा विषय निघाला की सगळे सीएंकडे बघतात आणि सीए घड्याळाकडे. छापील नियतकालिकाला जीएसटी नाही. त्याच मजकुराची डिजिटल वर्गणी मात्र 18 टक्क्यांची सेवा ठरते. संस्थेची एकूण उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की नोंदणी आली. न्यू जर्सीचे जावई वर्गणी देतील ते ठीक, सेवेचं मोल म्हणून. पण त्याच पानावर उत्साहानं ‘देणगी द्या’चं बटण ठेवलंत, जावयाकडे अमेरिकेचं नागरिकत्व असलं आणि संस्थेकडे परदेशी देणगी घेण्याची, म्हणजे एफसीआरएची, परवानगी नसली, तर ते बटण महागात पडेल. सभासदांची माहिती गोळा करणार असाल तर 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे. वर्गणीदारांची यादी कार्यवाहांच्या भाच्याला क्लासच्या जाहिरातीसाठी देण्याची थोर परंपरा आता थांबवावी लागेल.

लोक पैसे देऊन वाचत नाहीत, हे रडगाणं मात्र नको. दिल्लीच्या न्यूजलाँड्रीनं जाहिरातदार नको, वाचकांनी पैसे द्यावेत असं सांगून वर्गणी मागितली आणि वाचक देतात. बंगळूरच्या द केननं 2016 मध्ये रोज एकच सविस्तर लेख देऊ, असं ठरवून दार पैसेवाल्यांपुरतंच उघडं ठेवलं. दोघांचं सॉफ्टवेअर कोणतं, हे त्यांच्या एकाही वर्गणीदाराला सांगता येणार नाही. आपण काय देणार हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. आपल्या संस्थांचं ते वाक्य ‘मराठी भाषेच्या संवर्धनासाठी’ असं सुरू होतं आणि संपत नाही.

तर उपसमितीला आमची फुकटची सूचना. सहा महिने काही विकत घेऊ नका. सभासदाला दरमहा काय मिळेल, ते पोस्टकार्डावर मावेल इतक्या शब्दांत लिहा. क्यूआर, एक्सेलची एक वही, ईमेलवर जाणारा अंक आणि फोन उचलणारा एक माणूस, एवढ्यावर शंभर वर्गण्या जमवा. नातेवाईक आणि कार्यकारिणी धरायची नाही. शंभर जमल्या आणि वही सांभाळणारा माणूस कुरकुर करू लागला, तर बेलाशक सॉफ्टवेअर घ्या. कोणतं घ्यायचं ते त्याला विचारा, कारण कुठे अडतं हे फक्त त्यालाच माहीत असेल. शंभर जमल्या नाहीत, तर जगातलं कोणतंही प्लगइन त्या जमवून देणार नाही. तोवर डेमो दाखवायला आलेल्या विक्रेत्याला चहा द्या आणि सांगा, ‘कळवतो.’