गाडीला फिरवून आणतो

घर ते मंडई, मंडई ते आईचा दवाखाना आणि तिथून परत घर, एवढंच माझ्या गाडीचं जग. तरी मी डिझेल घेतली. "लांबच्या प्रवासाला बरी," असं तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. माझा लांबचा प्रवास म्हणजे कोथरूड ते हडपसर, हे पुढे कळलं.

एका सोमवारी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. पुस्तिका उघडली. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरत आलाय, गाडी ताशी 60 च्या वर पंधरा-वीस मिनिटं सलग चालवा. कर्वे रस्त्यावर ताशी 60! त्या वेगाने तिथे फक्त अफवा जातात.

1 एप्रिल 2020 ला प्रदूषणाचं बीएस-6 मानक लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर हा फिल्टरचा डबा आला. आत सिरॅमिकची जाळी, मधाच्या पोळ्यासारखी. काजळी तिथे अडकते आणि डबा 600 अंशांच्या आसपास तापला की जळून जाते. मंडईच्या फेरीत त्याला जेमतेम घाम फुटतो. म्हणून दर पंधरवड्याला मी एक्स्प्रेस वेने लोणावळ्यापर्यंत जातो आणि परत येतो. काम काहीही नसतं. रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून चिक्की आणतो.

"डिझेल जाळून काजळी जाळायची?" आईने विचारलं. "आणि तेही दर पंधरा दिवसांनी? त्यापेक्षा कुत्रं पाळायचंस. निदान ओळख तरी दाखवतं."

शेवटी गॅरेज गाठलं. मेस्त्रींनी स्कॅनर लावला आणि आवाज खाली आणला. "साहेब, नवा फिल्टर घ्यायचा तर कर्ज काढाल. त्यापेक्षा डबा कापतो, जाळी काढतो, परत वेल्डिंग मारतो. कॉम्प्युटरला सांगायचं, जाळी आहे म्हणून. त्याला काय कळतंय?"

"आणि पीयूसी?"

"पास. जबाबदारी माझी."

त्यांच्यावर विश्वास नव्हता असं नाही, पण पंपाजवळच्या पीयूसीवाल्याला मुद्दाम विचारलं. त्याने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, मला न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला लावला, नंबर प्लेटचा फोटो काढला. म्हणाला, "काका, आम्ही धूर बघतो. डबा बघणं आमच्याकडे नाही."

खरंच होतं त्याचं. यंत्र धुरातून उजेड किती आरपार जातो ते मोजतं. लुगड्याचा पोत उजेडासमोर धरून पाहावा, तसं. पण हल्लीच्या इंजिनाची काजळी मलमलीहून तलम. बरेचसे कण मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याएवढे. आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा. डोळ्याला काही दिसत नाही, फुप्फुसाला मात्र सगळं पोचतं. जाळी काढलेली गाडीसुद्धा या परीक्षेतून मान ताठ ठेवून बाहेर येऊ शकते. म्हणजे दहावीला फक्त अक्षर तपासायचं आणि गणिताचा पेपर तसाच गठ्ठ्यात बांधायचा!

नेदरलँड्सने जानेवारी 2023 पासून फिल्टरवाल्या गाड्यांचे कण मोजायला घेतले. घन सेंटिमीटरला 10 लाखांच्या वर गेले की गाडी नापास. जर्मनीने त्याच वर्षी जुलैत नव्या डिझेल गाड्यांसाठी 2.5 लाखांची मर्यादा घातली. तिथे आमच्या मेस्त्रींची जबाबदारी पहिल्याच फुंकरीला उडाली असती.

आता तुम्हाला वाटेल, एवढं कळल्यावर मी बाणेदारपणे नकार दिला. तसं नाही. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. गॅरेजातून निघताना मेस्त्री सहज बोलून गेले, "जुनी जाळी राहू द्या आमच्याकडे, कचराच आहे. टाकून देऊ."

त्या कचऱ्यावर प्लॅटिनमचा मुलामा असतो, हे मी आदल्याच रात्री वाचलं होतं. कंपनीने दिलेली रचना बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला मंजूर नाही, हेही वाचलं होतं. कायद्याने मी थोडा हललो. प्लॅटिनमने पुरता थांबलो. फुकटात प्लॅटिनम देऊन वर मजुरीही द्यायची, हे आमच्या सात पिढ्यांत कोणी केलेलं नाही.

तेव्हा जाळी आहे तिथेच आहे. दिवा लागला की लोणावळा. मेहुण्याला मधुमेह निघाला, शेजारच्या आजोबांची कवळी नवी आहे आणि सोसायटीचा वॉचमन हल्ली मला बघून केबिनमध्ये शिरतो. घरात चिक्कीचे अकरा डबे पडून आहेत, सात शेंगदाण्याचे आणि चार तिळाचे. कोणाला हवे असतील तर कळवा. घरपोच आणून देईन, फक्त घर जरा लांब असावं.